कोसमटोल्यात सीता बोलली

दर सोमवारी दुपारी कोसमटोल्यात मेलेली माणसं बोलत असत. धानोऱ्यापासून आत जंगलात शिरलं की मोबाईलचं नेटवर्क जातं, डांबरी रस्ता जातो आणि मग चंदनबाबाचं ठाणं लागतं. ठाण्याच्या हॉलला चार खिडक्या होत्या, चारींना काळी ताडपत्री ठोकलेली. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत शेजाऱ्याचं तोंड दिसायचं नाही. दीड-दोनशे माणसं मांडी घालून बसायची आणि खोकला आला तरी तोंडावर पदर नाहीतर दुपट्टा दाबायची.

"देह जळते, आवाज जळत नाई," बाबा अंधारातून सांगायचा. "आवाज हवेत रायते. मी फक्त खाली उतरवतो." जणू माळ्यावरचं पिंप उतरवायचं होतं. पुढे तो नियम सांगायचा, आणि खरी चलाखी त्या नियमातच होती. बोलणाऱ्या जिवाला उलट प्रश्न करायचा नाही. केला की तो जीव कायमचा निघून जातो. धंद्याला याहून सोयीचा नियम कोणाला सुचला असता असं वाटत नाही, पण ज्याच्या घरातलं माणूस गेलेलं असतं त्याला असले हिशेब सुचत नाहीत.

त्या सोमवारी नागसेन भिंतीला टेकून सगळ्यात मागे बसला होता. धानोऱ्यात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. देव, भूत, अंगात येणं यांतलं काहीच त्याच्या बापानं घरात येऊ दिलं नव्हतं आणि नागसेननंही ते दार बंदच ठेवलं होतं. तो आला होता दोन कारणांनी. बाबाचा सेवक प्रवीण याचा निरोप होता की ठाण्यातला कॉम्प्युटर अडकतोय, येऊन पाहा. आणि नागसेनची बायको नंदिनी, जी कोसमटोल्याच्या उपकेंद्रात सिस्टर होती, तिनं सकाळी चहाचा कप तसाच ठेवून सांगितलं होतं की गावातल्या सोमाजीनं लेकीच्या गोळ्या बंद केल्या.

सोमाजीची दिव्यानी सहा वर्षांची, सिकलसेल या रक्ताच्या आजाराची. रोजची गोळी चुकली नाही तर ती इतर पोरींसारखी धावायची. चुकली की हातापायांत अशा कळा यायच्या की पोर पांघरूणही अंगावर ठेवू देत नसे. सोमाजीनं आजवर एक दिवस चुकवला नव्हता. मग दोन सोमवारांपूर्वी त्याची बायको सीता ठाण्यावर बोलली आणि तिनंच गोळ्या बंद करायला सांगितलं. सीता चैत्रातच गेली होती. मिरची तोडायला बायांच्या टोळीबरोबर तेलंगणात गेली, परतताना गाडी उलटली.

नागसेनला हे ऐकून राग आला होता. हॉलमध्ये बसल्यावर मात्र रागाची जागा दुसऱ्याच कशानं तरी घेतली. कारण बाबानं हात वर केले, हॉलच्या कोपऱ्यांतून खरखर आली आणि सीता बोलली. नक्कल नव्हती, ती सीताच होती. त्याच्या दुकानात मोबाईलची काच बदलायला आलेली, हसताना शब्द गिळणारी सीता.

"दिव्याले त्या गोळ्या नोका देऊ. ओकते ते."

पुढच्या रांगेत सोमाजी होता. तो पालथा पडला आणि जमिनीला कपाळ लावून हमसून हमसून रडला. "नाई देत व, नाई देत," एवढंच तो म्हणत होता. आजूबाजूच्या बायांनी डोळे पुसले. नागसेननं मात्र कान टवकारले, कारण सीताच्या आवाजामागून कोणीतरी पुरुष तेलुगूत हाका मारत होता आणि कुठेतरी ट्रॅक्टर सुरू होता. परलोकात मिरचीचा मुकादम कशाला लागतो, हा प्रश्न त्याला पडला. दुसरा प्रश्न त्याहून वाईट होता. तो आवाज ज्या स्पीकरांतून आला, ते चारही स्पीकर त्यानं स्वतः बसवले होते.

गोष्ट वर्षभरापूर्वीची. एका शाळेनं भंगारात काढलेला कॉम्प्युटर त्याला मिळाला होता. त्यानं पंख्यातली धूळ काढली, दोन मोठ्या डिस्क घातल्या, फुकट मिळणारी सिस्टीम टाकली आणि तो घरी कपाटावर ठेवला. आता त्याच्या घरी इंटरनेट नसलं तरी टीव्हीवर सिनेमे लागत, गाणी वाजत आणि दोघांच्या फोनमधले फोटो घरात पाऊल टाकताच आपोआप त्या डब्यात उतरत. फोन नाल्यात पडला तरी फोटो शाबूत. नंदिनी कौतुकानं सगळ्यांना सांगायची. ते ऐकून प्रवीण आला आणि ठाण्यासाठी तसाच एक मागून घेऊन गेला. भजनं वाजवायची आहेत, उत्सवाचे फोटो जपायचे आहेत म्हणाला. नागसेननं तेवढ्याच मायेनं तोही बनवून दिला, हॉलमध्ये स्पीकर आणि वायफायही जोडून दिलं.

बैठक संपली. लोक मागच्या अंगणात जेवणाच्या पंगतीला बसले आणि नागसेन भिंतीमागच्या खोलीत शिरला. डबा कोपऱ्यात गुरगुरत होता. अडकत होता कारण डिस्क काठोकाठ भरली होती. वर्षाची भजनं आणि फोटो मिळून तिचा कोपराही भरला नसता. त्यानं यादी उघडली. भजनांचा एक कप्पा होता. त्याखाली गावांची नावं होती आणि प्रत्येक गावाखाली माणसांची. कोणाचे फोटो, कोणाच्या फोनवरच्या बोलण्याच्या रेकॉर्डिंग, कोणाचे बोलून पाठवलेले मेसेज. यादी सरकवता सरकवता त्याचं बोट दुखलं, तरी ती संपेना. मध्येच एका नावावर तो थांबला. तिथे लिहिलं होतं, नंदिनी सिस्टर.

हे कसं झालं ते त्याला बसल्या जागी कळलं. आपल्याकडे फोनात गाणी भरून घ्यायची जुनी रीत. नेटवर्क नाही, मग बाजाराच्या दिवशी मोबाईलच्या दुकानात फोन द्यायचा, लॉक उघडून द्यायचा आणि भाजी घेऊन येईतो दुकानदार गाणी भरून ठेवतो. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. ठाण्यावर प्रवीण तेच करत होता. दर्शनाआधी फोन बांबूच्या टोपल्यात ठेवायचे, लॉक उघडून. सेवक बाबाची आरती फुकट भरून देणार. लसीकरण ठाण्याच्या हॉलमध्ये झालं त्या दिवशी नंदिनीनंही फोन दिला होता. आरती फोनात जायची आणि फोन डब्यात यायचा. जाताना प्रवीण त्यात एक छोटं ॲपही सोडायचा, म्हणजे तो माणूस पुन्हा ठाण्याच्या वायफायच्या टप्प्यात आला की नवं जे काही असेल ते न सांगता उतरून यायचं.

सोमाजीच्या कप्प्यात सीताचे त्रेचाळीस मेसेज होते. लिहिता येत नसल्यानं ती सगळं बोलूनच पाठवायची आणि सोमाजी बाजाराला धानोऱ्यात गेला की ते त्याच्या फोनात उतरायचं. त्यातल्या एकाच्या शेजारी त्याच तारखेचा, कापून लहान केलेला तुकडा होता. नागसेननं कानाला हेडफोन लावून आधी तुकडा ऐकला, मग पूर्ण मेसेज. पूर्ण मेसेज त्यानं पुन्हा एकदा ऐकला.

"बिघाड सापडला का जी?"

चंदनबाबा दारात उभा होता. दिवसाउजेडी तो साध्या शाळामास्तरासारखा दिसायचा. त्यानं दार लोटून घेतलं आणि अगदी प्रेमानं बोलायला सुरुवात केली. औषध सोडलं की माणूस दवाखान्याचा राहत नाही, ठाण्याचा होतो, एवढं साधं गणित त्यानं लपवलंही नाही. आवाज ना चढवला ना उतरवला.

"या डब्यात चाळीस गावं आहेत, नागसेनभाऊ. कोण कोणाले काय बोलला, सगळं. सिस्टरचा फोनबी आहे. तिच्या फोनात कोणाकोणाच्या रिपोर्टचे फोटो आहेत, पायले असतील तुमी." तो जरा थांबला. "आन हा डबा कोणं बनवला, हे लोकाईले मी सांगू का तुमी सांगता?"

नागसेन घाबरला. गप्प बसलं तर नंदिनीची नोकरी वाचेल, आपलं दुकान वाचेल, हे त्याला दिसत होतं. आणि पंगतीत सोमाजीच्या मांडीवर पोट-पाय आवळून पडलेली दिव्यानीही त्याला खिडकीतून दिसत होती. ती रडत नव्हती, नुसती ओठ चावत होती.

"मीच सांगतो," तो म्हणाला आणि बाबाच्या खांद्याला घासून बाहेर पडला.

हॉलमध्ये जाऊन त्यानं पहिली ताडपत्री ओढली. खिळे उपसल्याच्या आवाजानं लोक पंगत सोडून आत आले. प्रवीणनं त्याचा दंड धरला तो त्यानं सोडवून घेतला. मग त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं की मेलेल्यांना बोलवणारा डबा मी बनवला आहे, या हातांनी. भजनांसाठी मागितला म्हणून बनवून दिला, एकदाही चौकशी केली नाही, ही माझी चूक. इथं कोणी मेलेलं बोलत नाही. तुमच्याच फोनातला आवाज चोरून तुम्हालाच ऐकवतात.

लोक खवळले, पण बाबावर नाही, नागसेनवर. जयभीमवाला आहे, त्याले देवाधर्माचं काय, असं कोणीतरी मागून बोललं. सोमाजी तर लेकीला खाली ठेवून चालत आला आणि त्यानं नागसेनची कॉलर धरली.

"माह्या बायकोचा आवाज मले ओळखता नाई येत का?"

"येते, भाऊ. आवाज तिचाच आहे," नागसेन म्हणाला. "म्हणून म्हणतो, तिचं पुरं आयक. तिले अर्ध्यात काऊन थांबवता?"

सोमाजीची पकड ढिली झाली. नागसेननं खिशातून फोन काढला. वायफाय त्याचंच, पासवर्ड त्याचाच, कोणी बदललाही नव्हता. त्यानं पूर्ण मेसेजवर बोट ठेवलं आणि हॉलच्या चारी कोपऱ्यांतून, लख्ख उजेडात, सीता बोलली.

"आयकून राह्यले का? उपाशीपोटी दिव्याले त्या गोळ्या नोका देऊ. ओकते ते. आधी वाटीभर पेज पाजा, मंग द्या. एकबी दिवस चुकवू नोका, पाया पडतो तुमच्या. मुकादम बोलावते, ठेवतो."

बाबा दारातून म्हणाला की नियम मोडला, आता जीव गेला. त्याच्याकडे कोणी पाहिलंही नाही. नागसेननं पुन्हा एकदा लावलं, मग बाबानं कापलेला तुकडा लावला, मग परत पूर्ण. तिसऱ्या वेळी पुढच्या एका म्हातारीनं बोटांवर मोजत हिशेब केल्यासारखं म्हटलं की उपाशीपोटी हा शब्द गाळला आणि पेजही गाळली, पोरीच्या जिवावर उठला मेला. मग एकेक जण भिंतीमागे जाऊन डब्यातली आपली नावं पाहून आला. आपल्या घरातलं भांडण, आपल्या सुनेचा दवाखाना, आपल्या पोराचं गुपित तिथं पडलेलं पाहून माणसाचा बाबावरचा विश्वास तिथंच उडतो.

सोमाजी जमिनीवर बसून राहिला होता. त्यानं बाबाला शिवी दिली नाही की नागसेनला क्षमा केली नाही. त्यानं एवढंच विचारलं की तिचे बाकीचे मेसेज या डब्यातून मले देता येतील का.

"डब्यातून कायले?" नागसेन म्हणाला. "तुह्याच फोनात आहेत. पहिल्यापासून."

सीता गेल्यापासून सोमाजीनं ते एकदाही उघडले नव्हते, त्याला धीरच झाला नव्हता. ज्या आवाजासाठी तो दर सोमवारी जमिनीला डोकं लावत होता, तो इतके दिवस त्याच्या खिशात होता. नागसेन सांगतो की आयुष्यात त्यानं पुष्कळ माणसं रडताना पाहिली, पण तसं रडणं पुन्हा पाहायची त्याची छाती नाही.

दिव्यानीला संध्याकाळी नंदिनीनंच गाडीतून गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. रक्त चढवावं लागलं, नऊ दिवस ती तिथं होती. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर, असं म्हणून डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं नाही. रुग्णांच्या रिपोर्टचे फोटो बाहेर गेले म्हणून नंदिनीला वरिष्ठांनी जाब विचारला, नागसेनच्या दुकानाकडे काही गावं अजूनही फिरकत नाहीत. पोर वाचली, एवढं खरं.

पोलिस दुसऱ्या सकाळी ठाण्यावर पोचले तेव्हा बाबा आणि प्रवीण दोघंही नव्हते. डबा होता, झाकण उघडं होतं आणि आतल्या दोन्ही डिस्क काढून नेलेल्या होत्या. म्हणजे त्या चाळीस गावांचे आवाज आजही कुठल्यातरी खोलीत आहेत. बाबाचं नाव बदललं असेल, गाव बदललं असेल आणि ताडपत्री नवी घेतली असेल.

म्हणून हे लिहिलं. यंत्रात पाप नसतं. नागसेनच्या कपाटावर तसलाच डबा आजही लग्नाचे फोटो सांभाळत बसला आहे. उघडा फोन कोणाच्या हाती देताना त्यातून काय नेणार हे विचारायला लाजू नका. आणि कधी एखाद्या अंधाऱ्या हॉलमध्ये तुमचं गेलेलं माणूस बोललं, तर रडू येईल. येऊ द्या. पोटभर रडून घ्या. पण घरी जा, लेकराला पेज पाजा आणि त्याची गोळी द्या.