कुत्रं तेच दिलं ना?

आमच्या टिल्लूला दुसऱ्या घरी द्यायचं ठरलं, तेव्हा मी काही लपवलं नाही. वर्षाचं स्पॅनिअल जातीचं कुत्रं आहे, चपला फाडतं, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतं, एक शब्द ऐकत नाही. पुंडलिकनगरातल्या दोन खोल्यांत त्याला सांभाळून मीच वेडी व्हायची बाकी होते. ओळखीतले पुंजारामभाऊ म्हणाले, "पळू द्या की. शेंद्र्याला आपलं रान मोकळंच हाय." आणि घेऊन गेले.

दोन-तीन दिवसांनी त्यांचा फोन.

"ताई, कुत्रं तेच दिलं ना? हे पळत नाय, भाकरीला तोंड लावत नाय. रस्त्याकडं बघत बसलंय नुसतं."

आजारी पडला की काय? मला कळेना, आणि रागही आला. इथं घर डोक्यावर घेतलं आणि तिथं जाऊन साधू झाला. म्हटलं, फोन धरा त्याच्या कानाशी.

"टिल्ल्या, नाटकं बंद कर. भाकर खा."

पलीकडं बादली कोसळली, कोंबड्या ओरडल्या, फोन कुठंतरी आपटला. बऱ्याच वेळानं पुंजारामभाऊंचा धापा टाकत आवाज आला.

"व्हय ताई, तेच हाय. आता ठेवू का आणू?"

मी दाराकडं पाहिलं. सगळ्या चपला जागच्या जागी, जोडीनं होत्या.