मंगळावरची वस्ती, फक्त तांत्रिक चर्चा

जयश्रीनं पाठीवरची झोळी लेकीसकट पुढे ओढून घेतली आणि कातळावर बसून मोबाइल उंच धरला. जव्हारकडच्या वांगणी गावात रेंज मिळते ती या कातळावरच. कामाला बाहेरगावी गेलेल्यांशी बोलायचं तर सगळ्यांनाच इथवर चढावं लागतं.

"आली का मंगळवाली?" फोन लागायची वाट बघत बसलेली शेजारची गोदीकाकी म्हणाली. "तिकडं पाणी हाय का नाय, ते तरी इचारलंस का?"

"हाय काकी. बर्फ हाय, जमिनीत गाडलेला."

"म्हंजे तिकडंबी आमी खणायचंच!"

जयश्री हसली, पण नजर मोबाइलवरून हलली नाही. जव्हारच्या कॉलेजात बीएस्सी झाली, मग लग्न, मग लेक. शिकलेलं गंजून जाऊ नये म्हणून तिनं मोबाइलवर हा गट काढला होता. मंगळावर माणसं राहायची तर घर कसं बांधायचं, भिंत किती जाड, हवा किती लागेल, एवढंच इथं बोलायचं. घरगुती मेसेज टाकेल त्याला काढण्यात येईल, हा नियमही तिचाच. सकाळी सकाळी फुलं पाठवणाऱ्या दोन मैत्रिणींना तिनं काढलंही होतं. तेव्हापासून गट गप्पच. नाशिकचा इंजिनिअर उमेश, एका ऑनलाइन वर्गात ओळख झालेला, तेवढाच खरा जाणकार. काल त्यानं लिहिलं होतं, चर्चा होत नसेल तर मी बाहेर पडतो. तो गेला की गट संपलाच.

आज तिनं मातीत अर्ध्या पुरलेल्या घराचा सगळा हिशेब मांडला आणि वाट बघत बसली. उमेशचं उत्तर आलं.

'भिंत ठीक आहे. पण बांधणारी माणसं तिथं किती काळ राहणार?'

ती लिहायला घेणार, तोच मध्ये संदीप उगवला. तिचा नवरा, भिवंडीत इमारतींच्या सेंट्रिंगच्या कामावर. गट भरल्यासारखा दिसावा म्हणून तिनं त्याला घेतलं होतं, गप्प बसायच्या बोलीवर.

'अॅडमिन मॅडम, त्यांना होळीला घरी सोडतात का?'

जयश्रीची कानशिलं तापली.

'हे कोण?' उमेशनं लगेच विचारलं. 'नियम आहे ना?'

तिचं बोट संदीपच्या नावावर गेलं. कालच फोनवर तो म्हणाला होता, या वेळी ठेकेदार होळीला सोडायचं नाव काढत नाय. तेव्हा लेक रडत होती, बोलणं अर्धवटच राहिलं.

"काय झालं गं?" गोदीकाकीनं विचारलं.

"काय नाय."

तिनं बोट उचललं. मग सावकाश लिहिलं, 'प्रश्न तांत्रिकच आहे. पृथ्वी आणि मंगळ सोयीच्या जागी येतात सव्वीस महिन्यांनी. त्यामुळे जाऊन परत यायला अडीचेक वर्षं. दोन होळ्या नक्की चुकतील, कदाचित तीन.'

'मग घरच्यांना सोबत न्यायची सोय काढा,' संदीपनं लिहिलं.

उमेश काहीतरी लिहीत होता, थांबत होता, पुन्हा लिहीत होता.

'कुटुंब धरलं तर सगळाच हिशेब बदलतो,' शेवटी आलं. 'हवा, पाणी, खाणं, सगळं. नव्यानं मांडायला पाहिजे. लहान मुलाचं वजन किती धरायचं?'

तिनं झोळीत बघितलं. लेक जागी होती, पदराचं टोक तोंडात घालून चोखत होती. अंगणवाडीच्या काट्यावर परवाच बसवली होती तिला.

'साडेसात किलो,' तिनं लिहिलं. मग खाली आणखी एक ओळ टाकली.

'पुढच्या महिन्यात वाढेल.'