लिपी वा संस्कृती

करंजवाडीच्या शाळेतला आपला शनिवारचा तास बंद होणार, ही बातमी रखमीला शेणव्याच्या बाजारात, सगळ्यांच्या शेवटी कळली. त्या तासाला ती पोरांना ठाकरी बोलीत गाणी-गोष्टी सांगायची. 'म्हातारी शिव्या शिकवते' अशी तक्रार वर गेली होती. ते अगदीच खोटं नव्हतं. गोष्टीतला कोल्हाच तोंडाळ, त्याला रखमी काय करणार?

सोमवारी केंद्रप्रमुख वाल्मिक सर चौकशीला थेट भरल्या वर्गात आले. रखमीनं सोबत सापगावच्या धम्मपालांना आणलं. तीस वर्षं वाड्या-पाड्यांवर पत्रं वाटलेला हा निवृत्त पोस्टमन काखेत संविधान घेऊनच आला.

"कलम एकोणतीस, सर. बोली जतन करायचा हक्क हाय यांना."

सरांनी पुस्तक ओढून घेतलं. चष्मा कपाळावरच राहिला. "भाषा, लिपी... वा! संस्कृती. बघा, तिन्ही पाहिजेत. यांच्या बोलीला लिपी कुठाय?"

"सर, ते 'वा' म्हंजे 'किंवा'. घटनेनं तिथं कुणाला दाद दिलेली नाय."

शिक्षिका मेघाबाई हजेरीपटाआड हसल्या. सर कानापर्यंत लाल झाले. माणूस वाईट नव्हता, पण पोरांसमोर हरायची सवय नव्हती. त्यांनी आता चष्मा लावला आणि आणखी एक शब्द शोधून काढला.

"'वेगळी भाषा' लिहिलंय. ही तर आपलीच मराठी, जरा मोडकी. वेगळी असल्याचा पुरावा?"

मोडकी! आजीनं रखमीला जी बोली दिली ती धड होती. नातवंडांना ती मोडकी म्हणून द्यायची? की द्यायचीच नाही?

ती उठली, पदर खोचला आणि सरांकडे बघत एका दमात काय बोलायचं ते बोलली. त्यात कोल्हा होता, कोल्ह्याची आई होती, शेवटी शेवटी बहुधा सरांचं खानदानही होतं. पोरं सतरंजीवर गडाबडा लोळली.

"कललं का, सायेब?"

"नाही."

"मंग? येगली हाय का नाय?"

सरांनी पेनाचं टोपण काढलं. मग शेरा लिहिला: तास चालू ठेवण्यास हरकत नाही. सही झाल्यावर त्यांनी हळूच धम्मपालांना विचारलं, "पण बाई म्हणाल्या काय?"

धम्मपालांचा चेहरा कमालीचा गंभीर झाला.

"जतन करण्यासारखं हाय, सर."