बॉलवरची चापट

दरवर्षी एप्रिल आला की कोणीतरी मला माझ्या भावाचा, डेमियनचा तो रिपोर्ट पाठवतंच. अमेरिकन फुटबॉलचे मोठे संघ कॉलेजच्या पोरांना एकेक करून उचलतात ते ड्राफ्टचे दिवस जवळ आले, की जुने रिपोर्ट उकरून काढायचे आणि त्यावर खिदळायचं, हा आमच्याकडे लोकांचा आवडता उद्योग आहे. मला तो तोंडपाठ आहे. तरी मी पुन्हा वाचते आणि पुन्हा माझं डोकं फिरतं. त्यात खोटं लिहिलं असतं तर एवढं फिरलं नसतं.

'डेमियन बाबिच. क्वार्टरबॅक. छोटं कॉलेज. हात लहान, ताकद बेताची, डोकं शांत. घर चांगलं. एकदा मनात घेतलं की कोणाचं ऐकत नाही, शिकवायला अवघड. बॉल फेकण्याआधी दर वेळी त्यावर डाव्या हाताने चापट मारतो. मोठ्या संघांचे बचाववाले ती चापट बघूनच बॉलवर झडप घालतील. सवय फार जुनी आहे, निघणार नाही. निवडू नये.'

क्वार्टरबॅक म्हणजे संघासाठी बॉल फेकणारा. आणि हे लिहिणारा हार्लन प्रुएट. गावोगावच्या मैदानांवर हिंडून पोरं पारखण्यात त्याचा जन्म गेला होता. दर वसंतात त्याचं जाडजूड पुस्तक निघायचं आणि या खेळावर पोट असलेला झाडून प्रत्येक माणूस ते घ्यायचा. संघवाले घ्यायचे, कोच घ्यायचे, आणि पुढेमागे ज्यांना डेमियनचे बॉल मधल्यामध्ये हिसकावायचे होते तेही घ्यायचे.

पुस्तक लिहिण्याआधी तो आमच्या घरी येऊन गेला होता, मोनोंगहेला नदीकाठच्या डन्सबर्गला, आमच्या उभ्या चढाच्या गल्लीत. आईने सारमा केला होता, म्हणजे आंबट कोबीच्या पानांत गुंडाळून शिजवलेला खिमा आणि भात. आमच्या क्रोएशियन घरांत पाहुण्याला त्याशिवाय सोडत नाहीत.

"घ्या हो अजून, लाजू नका," आई म्हणाली.

"तुम्ही एवढा आग्रह करताय तर," असं म्हणत म्हाताऱ्याने तीनदा ताट पुढे केलं.

पुस्तक छापून आलं तेव्हा आईने ते पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "खाल्ल्या घरचे वासे मोजले मेल्याने."

मी मात्र गप्प होते, कारण ती चापट डेमियनच्या हातात आली कुठून हे मला माहीत होतं. लहानपणी त्याचे बॉल पकडायला दुसरं कोणी नव्हतं, मीच होते. मी त्याच्याहून मोठी, आणि गल्लीतल्या सगळ्या पोरांपेक्षा जोरात पळायचे. खेळायला सपाट जागा म्हणून गावात नाही. आमची गल्ली विटांची, उतार असा की वरून सुटलेलं लिंबू थेट नदीत जाईल. दोन्ही बाजूंना गाड्या, आणि जिथे गाडी नाही तिथे जागा धरून ठेवायला कोणाची तरी स्वयंपाकघरातली खुर्ची. युरिकबाईंची हिरवी खुर्ची बाराही महिने रस्त्यात असायची. मी उताराने त्या खुर्चीपर्यंत पळायचे आणि तिथे वळून बॉल पकडायचे. पळताना मागे बघितलं तर तोंडावर आपटणार, आणि नाही बघितलं तर बॉल कानफटात बसणार. दोन्ही अनुभव घेऊन झाल्यावर मी त्याला सांगितलं, "फेकायच्या आधी बॉलवर चापट मार. आवाज आला की मी वळेन."

त्याने ते मनावर घेतलं. विटांच्या भिंतींमध्ये ती चापट खणखणीत वाजायची. आवाज आला की वळायचं, आणि बॉल हातात. पुढे तो शाळेच्या संघात गेला, कॉलेजात गेला, माझ्या जागी दुसरे पकडणारे आले, पण चापट राहिली. कोचांनी त्याच्या डाव्या हाताला पट्ट्या बांधून पाहिल्या, काखेत टॉवेल धरायला लावला. चापट गेली की नेमही जायचा.

ड्राफ्टचे तिन्ही दिवस आम्ही टीव्हीसमोर बसून होतो. सगळी नावं संपली, डेमियन बाबिच कोणी म्हटलं नाही. मग ओहायोच्या एका संघाचा फोन आला. उन्हाळ्यात सरावाला ये, आमच्याकडे दोन क्वार्टरबॅक पक्के आहेत, तिसऱ्या जागेसाठी बघू. शब्द कसलाच नाही.

स्वयंपाकघरात आईने त्याच्याकडून वचन घेतलं. ही एक संधी. नाही जमलं तर सप्टेंबरपासून स्टीपकाकांबरोबर घरांची छपरं घालायची, आणि मग बॉलचं नाव काढायचं नाही. वडील गेल्यापासून स्टीपकाका म्हणजे घरातला शेवटचा शब्द. ते दुसऱ्याच दिवशी डेमियनच्या मापाचे कामाचे बूट घेऊन आले.

"आत्ताच कशाला आणले?" मी विचारलं.

"सेल होता," काका म्हणाले. "आणि मी प्रुएटचं पुस्तक वाचलंय."

ते बूट दारातच राहिले. येता-जाता दिसायचे. त्यांच्याकडे पाहून मी ठरवलं, सवय मी लावली आहे तर मीच काढीन. मी शाळेची बस चालवते. सकाळी बस काढायच्या आधी मी डेमियनला गल्लीत उभा करायला लागले. त्याच्या डाव्या हातात कच्चं अंडं दिलं. आईची अंडी संपली, चापट नाही संपली. डावा हात खिशात घालायला लावला, तर बॉल युरिकबाईंच्या खुर्चीवर जाऊन आदळला आणि खुर्चीचा एक पाय गेला.

"तुझ्या भावाला निवडलं नाही तेच बरं झालं," त्या खिडकीतून म्हणाल्या.

मे महिन्यातली गोष्ट. मी पळाले, मागे चापट वाजली, मी वळले, हात वर केले. बॉल आलाच नाही. वर डेमियन बॉल तसाच हातात धरून उभा. चापट मारून झाली आणि त्याला माझी शिकवण आठवली, म्हणून तो थबकला होता.

"गाढवा, चापट मारलीस ना? मग फेक की."

त्याने बॉल काखेत धरला. मग सावकाश उतरून माझ्यापाशी आला.

"तू फसलीस, व्हेस."

"मी फसले नाही. तू चूक केलीस."

"तू फसलीस. तू मला शिकवलंस, आणि तूच फसलीस." त्याचे डोळे चमकत होते. "ते पुस्तक सगळ्यांनी वाचलंय. सगळे माझा हात बघणार. बघू देत की."

त्या दिवसापासून आम्ही सवय काढायचा नाद सोडला. चापट मारायची आणि बॉल रोखायचा, मी वळायचा भास करून पुढे सुटायचं, आणि मग त्याने फेकायचं. ऐकायला सोपं आहे. चापटीबरोबर फेकायची त्याच्या हाताला इतकी सवय की निम्मे बॉल हातातून निसटायचे आणि उताराने पळत सुटायचे. आणायला मी. बस उशिरा निघायला लागली, पोरांच्या आया तक्रारी करायला लागल्या. मी म्हटलं, करा.

सरावात त्याला रेन्शॉ नावाचा कोच मिळाला. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "बाबिच, ती चापट दिसली की मी तुला घरी पाठवणार." डेमियनने रोखून फेकायची गोष्ट काढली तर म्हणाला, "आधी सरळ फेकायला शीक, मग शहाणपण कर." डेमियन रोज फोन करायचा. आवाज उतरलेला, पण मागे हटायचं नाव नाही. सराव संपला की ओटिस नावाच्या एका पकडणाऱ्याला थांबवून घ्यायचा आणि दोघं आमच्या गल्लीतली चाल करत बसायचे. ओटिसचीही जागा पक्की नव्हती, त्यामुळे त्याच्याकडे गमावण्यासारखं काही नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी सरावाचा अखेरचा सामना झाला. त्यानंतर दोन दिवसांत कोण राहणार, कोण जाणार ते ठरणार होतं. आई आणि मी गाडी काढून गेलो. आईने पर्समध्ये जपमाळ आणि फॉइलमध्ये गुंडाळलेला सारमा घेतला होता. स्टेडियमच्या दारावर तो काढून घेतला, म्हणून ती आधीच तापलेली.

डेमियनला उत्तरार्धात पाठवलं. समोरच्या संघात ओटिसला अडवायला किंब्रो नावाचा बचाववाला होता, चपळ, बोलघेवडा. त्यालाही आपल्या संघात जागा मिळवायची होती. डेमियनचे पहिले दोन बॉल बरे गेले. तिसऱ्या वेळी ओटिस बाहेरच्या रेषेकडे वळला, डेमियनने चापट मारली, फेकला, आणि किंब्रो चापटीबरोबरच निघालेला होता. ओटिसच्या पुढ्यातून त्याने बॉल काढून घेतला. प्रुएटने लिहिलं होतं ते शब्दाला शब्द आमच्या डोळ्यांसमोर घडलं. जाता जाता किंब्रोने डेमियनकडे पाहून आपल्या तळहातावर चापट मारून दाखवली. आजूबाजूचे लोक हसले.

आईने माळ घट्ट धरली. मला उठून त्या किंब्रोच्या दोन मुस्काटात द्याव्याशा वाटत होत्या, आणि त्याहून जास्त स्वतःच्या. रेन्शॉ डेमियनच्या तोंडाजवळ तोंड नेऊन काहीतरी ओरडला आणि त्याला बाकावर बसवलं.

तो पुन्हा मैदानात आला तो केवळ दुसऱ्या पोराचा घोटा मुरगळला म्हणून. वेळ थोडा, संघ मागे. आत जाताना तो ओटिसच्या कानात काहीतरी बोलला. मी त्याला जन्मापासून ओळखते. तो काय बोलला ते मला वरूनही कळलं.

बॉल त्याच्या हातात आला. ओटिस पळाला, बाहेरच्या रेषेकडे वळला, अगदी मघासारखाच. डेमियनने चापट मारली. मोठी, ठसठशीत. किंब्रो झेपावला.

बॉल डेमियनच्या हातातच होता.

ओटिस बाहेर जायचा थांबून सरळ पुढे सुटला. त्याच्या आसपास कोणी नव्हतं. डेमियनला दोघं येऊन आदळायच्या आत त्याने बॉल सोडला, आणि त्याच्या बेताच्या ताकदीला जेवढं जमतं तेवढाच तो उंच गेला, आणि पुरला. ओटिस चालत चालत शेवटच्या रेषेपार गेला आणि संघाला गुण मिळाले. किंब्रो रिकाम्या जागी उभा राहून स्वतःच्या हातांकडे बघत होता, गल्लीत मी बघितलं होतं तसंच.

"काय झालं?" आईने विचारलं.

"पुस्तक खरं निघालं," मी म्हटलं, आणि मला रडू आलं.

तरीही पुढचे दोन दिवस आमचा जीव टांगणीला लागला होता. एका बॉलवर जागा मिळत नाही. ज्याला काढायचं त्याच्या खोलीवर सकाळी संघाचा माणूस येतो, कोचने बोलावलंय म्हणतो, चाली लिहिलेली वही बरोबर आण म्हणतो. दार वाजलं नाही तर तुम्ही राहिलात. डेमियन खोलीत बसून होता, फोन करायचं धाडस त्यालाही नव्हतं आणि आम्हालाही. स्टीपकाका सकाळपासून आमच्या स्वयंपाकघरात येऊन कॉफी पीत होते. छपराच्या कामाचं एक अक्षर त्यांनी काढलं नाही.

दुपार सरता सरता फोन वाजला. मी उचलला.

"काकांना सांग," डेमियन म्हणाला, "बूट परत करा."

मी ते तसंच्या तसं काकांना सांगितलं. काकांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, दारात गेले, बूट उचलले आणि काखेत मारले. "सेलमधले परत घेत नाहीत," ते म्हणाले, आणि दाराच्या चौकटीला धरून बराच वेळ पाठमोरे उभे राहिले.

त्यानंतर त्याला एका दिवसाची सुटी मिळाली आणि तो घरी आला. रेन्शॉने त्याला सांगितलं होतं, चापट ठेव, पण चापटीवर पुन्हा कधी फेकलास तर माझ्याशी गाठ आहे. जेवण झाल्यावर डेमियनने बॉल उचलला आणि मला गल्लीत बोलावलं. युरिकबाईंच्या खुर्चीला आता लाकडी दांड्याचा पाय होता.

"खुर्चीपर्यंत," तो म्हणाला. "आवाज आला की वळ."

"मी नाही वळणार. अख्ख्या स्टेडियमला फसवून आलायस त्या हाताने."

"व्हेस. पळ ना."

मी पळाले. गुडघे पहिल्यासारखे राहिले नव्हते, उतार मात्र तोच होता. खुर्ची जवळ आली. मागे चापट वाजली, दोन्ही भिंतींवरून घुमली. वळले आणि बॉल आला नाही, तर तो वर उभा राहून हसेल आणि मग पुढचं सगळं आयुष्य मला चिडवेल, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी वळले.

बॉल हवेत होता. सरळ माझ्या छातीशी आला आणि हातात बसला.

अकरा वर्षं खेळला डेमियन. किती तरी बचाववाल्यांनी त्या चापटीवर झडप घातली आणि हात चोळत राहिले. खरी चापट त्याने फक्त त्या गल्लीत ठेवली. आजही घरी आला की आम्ही उतरतो, आणि एकदाही त्याने मला फसवलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी बॉल छातीशी धरून युरिकबाईंच्या खुर्चीवर बसले. तळहात झोंबत होते. सवय फार जुनी आहे, निघणार नाही, असं प्रुएटने लिहिलं होतं. तेवढ्या संध्याकाळपुरता मला त्याचा राग आला नाही.