उकळीबाबाची नळी

चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. बाकड्यांवर, भिंतींवर, बेकरीच्या पत्र्यावरसुद्धा माणसं चढलेली, आणि मधोमध उंच खुर्चीत उकळीबाबा! हातात काचेची नळी, तिच्या दोन्ही टोकांना काचेचे गोळे, आत लालभडक रस.

"विस्तव नाही, काडी नाही!" बाबा ओरडला. "पुण्यवानाने नुसती मूठ वळली, की देव उकळतो!"

न्हाव्याने खालचा गोळा मुठीत धरला. रस सरसर वर चढला आणि बुडबुड उकळू लागला. न्हाव्याला रडूच कोसळलं. कालच त्याने एका गिऱ्हाइकाचा कान कापला होता, पण देवाने ते मनावर घेतलेलं दिसत नव्हतं.

गर्दीत चोंबडी उभी होती. शाळेत सगळे तिला याच नावाने हाक मारत, कारण गप्प बसणं तिला जमायचंच नाही. आज मात्र ती टाचा उंचावून नुसती पुढे बघत होती. बाबासमोर तिची आई उभी होती.

चार दिवसांपूर्वी बेकरीवाल्याची सहा वर्षांची छकुली वारली. आजारी असताना तिच्या हातात नळी अशी उसळली, की बाबाने जाहीर केलं, "हिच्या अंगात देव उतरलाय. औषध पाजाल तर रागावेल!" कुणी पाजलं नाही. छकुली गेली, आणि बाबाला पापी शोधणं भाग पडलं.

आई वीजघरात कामाला होती. तिथे जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्यावर वीज होते. आईचं काम मात्र दुसऱ्या टोकाला. ओढ्याचं गार पाणी जिथून आत येतं, तिथल्या जाळ्यांतलं शेवाळ काढायचं. आठ तास हात पाण्यात. कामाची पाळी संपवून ती फाटकाबाहेर पडली, तशीच लोकांनी तिला इथे ओढत आणली.

आईने गोळा मुठीत धरला. रस हललासुद्धा नाही.

"मेलेलं रक्त!" बाबा किंचाळला. "हिनेच खाल्ली पोर! दिवस मावळायच्या आत ही गावाबाहेर. हिची मुलगी इथेच राहील, तिला मी शुद्ध करतो."

"अगं बाई, मला वाटलंच होतं," शेजारच्या काकू म्हणाल्या. कालच त्यांनी आईची इस्त्री मागून नेली होती. आता ती परत द्यायचा प्रश्न मिटला.

बेकरीवाला पुढे सरकला. त्याच्या हातात दगड होता.

"बाबा, परत एकदा बघू या ना!" चोंबडी पुढे घुसली. "देवाला काय घाई आहे?"

कुणीतरी हसलं. तेवढ्यात "हात धुऊन आणते हिचे" म्हणत तिने आईला चौकातल्या धुण्याच्या हौदापाशी नेलं. वीजघरात वापरून झालेलं ऊन पाणी तिथे सोडलेलं असे. आईने पाच मिनिटं त्यात हात बुडवले, पुसले, नळी धरली. बुडबुडबुड!

"पश्चात्ताप!" बाबा सावरून म्हणाला. "देवाने क्षमा केली!"

"मग आता तुमची पाळी," असं म्हणत चोंबडीने सरबतवाल्याची बर्फाची बादली पुढे ढकलली. "का? तुमच्या देवाला गार सोसत नाही वाटतं?"

लोकांना मजा वाटली. न्हाव्याने आणि खाटकाने बाबाचा हात धरून बर्फात दाबला. चोंबडी मोठ्याने आकडे मोजू लागली, अगदी सावकाश. पन्नासाला बाबा रडकुंडीला आला. तिने शंभरापर्यंत मोजले. तिला फार बरं वाटत होतं.

त्या हातात नळी ढिम्म राहिली.

"बाबाच पापी!" गर्दी ओरडली. दगड वर झाले.

"अगं बाई, मला वाटलंच होतं," काकू म्हणाल्या.

"अहो, अजून नळीवर विश्वास आहेच का?" चोंबडीने चहावाल्याच्या कोमट किटलीला नळी टेकवली. रस उसळला. "बघा, किटली पुण्यवान! हिला बसवा खुर्चीत! अहो, हे पाणी नाहीच. मुठीच्या उबेनेही ज्याची वाफ होते असा द्रव आहे. ती वाफ त्याला वर ढकलते. वीजघरात हेच चालतं! जमिनीतलं पाणी उकळण्याइतकं तापलेलं नसतं, म्हणून त्याच्या उबेवर असलाच लवकर उकळणारा द्रव तापवतात. वाफेने चाक फिरतं, आणि ओढ्याच्या गार पाण्याने त्या वाफेचा पुन्हा द्रव होतो. माझ्या आईचे हात गारठतात म्हणून तुमच्या घरात दिवे लागतात!"

टाळ्या पडल्या. चोंबडीची मान ताठ झाली.

"पोरी," बेकरीवाला हळूच म्हणाला, "मग माझ्या छकुलीच्या हातात एवढी का उसळली?"

चोंबडीने नळी पाठीमागे लपवली. उत्तर तिला माहीत होतं.

आई बोलली. "ताप होता, भाऊ. अंग भाजत होतं तिचं."

बेकरीवाल्याने दगड खाली ठेवला. "तीनदा धरायला लावली मी तिला," तो म्हणाला. "मागच्यांना दिसत नव्हतं म्हणून."

मागचे सगळे तिथेच उभे होते. हे मात्र काकूंनाही वाटलेलं नव्हतं. पोलीस येईपर्यंत खाटकाने बाबाची मानगूट सोडली नाही, पण त्याने छकुली थोडीच परत येणार होती?

म्हणून सांगते, चमत्कार दिसला की टाळ्या वाजवण्याआधी तोच गार हातांनी करायला लावा. आणि लेकराचा हात तापलेला लागला तर डॉक्टरकडे पळा. काचेची नळी हवीच असेल, तर थर्मामीटर घ्या. त्यातला पाराही उष्णतेनेच चढतो, पण त्याला कुणी देव म्हणत नाही.