वीस सह्या, अकरा दिवस

मी एक जुना पॅड आहे, मित्रांनो. लिहिताना कागदाखाली धरता ना, तो. लाकडाचा भुसा दाबून मला घडवलं, डोक्यावर लोखंडी चिमटा ठोकला आणि एका शाळेच्या कपाटात आणून टाकलं. त्या शाळेत शेवटच्या वर्षाच्या मुलांना सुट्टीत एखाद्या जाणत्या माणसाच्या हाताखाली साठ तास काम शिकावं लागतं. वीस दिवस, रोज तीन तास. काय शिकलो ते रकान्यात लिहायचं, शेजारी शिकवणाऱ्याची सही घ्यायची. तो तक्ता सुट्टीभर धरून ठेवायचा, ही माझी नोकरी.

पहिल्या वर्षी माझं कोण कौतुक! मुख्याध्यापकांनी मला उंच धरून साऱ्या वर्गाला दाखवलं. त्यानंतर चौदा उन्हाळे गेले. एकाने मामाकडे लोळता लोळता सुतारकाम शिकल्याचं माझ्या छातीवर लिहिलं. एकीने वीसही दिवस एका बैठकीत भरले. मधे फक्त पेन बदललं, हुशार पोर! मी काय बोलणार? पाठ भरून यायची, एवढंच.

यंदा मी एका मुलीच्या वाट्याला आलो. तिला कोणी दारात उभं करेना. औषधवाला म्हणाला, "इथे पोरखेळ नको." छापखानेवाल्याने "उद्या ये" म्हणत चार दिवस खेटे घालायला लावले. शेवटी तिच्या आत्याने शब्द टाकला आणि शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एक मावशी कशाबशा राजी झाल्या. तक्ता पाहून मात्र त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"रोज रोज सही कुठे करत बसू? हात तेलाने माखलेले असतात. आण इकडे!"

आणि पहिल्याच दिवशी वीसच्या वीस सह्या ठोकून त्या मोकळ्या झाल्या.

मला वाटलं, झालं! ही पोरगी आता कसली दिसते? पण ती आली. अकरा दिवस आली. बॉबिन भरली, पट्टे ताणले, बोटांत सुया टोचून घेतल्या. बाराव्या दिवशी दुकानाला कुलूप. मावशींची कंबर धरली होती. उरलेले नऊही दिवस कुलूप तसंच राहिलं आणि सुट्टी संपली.

आत्या म्हणाली, "सह्या आहेत ना? मग भर रकाने आणि हो मोकळी. कुलूप बघायला कोण येतंय?"

मुलीने पेन उघडलं. तिचं पास होणं या तक्त्यावर अडलं होतं. माझ्यावर कोपर टेकून तिने रिकामे रकाने मोजले. मग तिने नऊ रकान्यांत नऊ वेळा लिहिलं, 'दुकान बंद होतं.'

शाळेत तक्ते तपासणाऱ्या बाईंनी चष्मा वर सरकवला. "सही आहे तिथे बंद कशाला लिहिलंस गं? गप्प बसली असतीस तर मीही डोळेझाक केली असती. आता सत्तावीस तास कमी पडले. महिन्याभरात भरून आण, नाहीतर वर्ष अडलं."

मला काखोटीला मारून मुलगी दुकानात गेली. मावशी नुकत्याच स्टुलावर बसू लागल्या होत्या. तक्ता वाचून त्या लालबुंद झाल्या.

"माझ्या सहीशेजारी बंद? मला खोटं पाडलंस की गं!"

"मावशी, कुलूप होतं."

"होतं. म्हणून काय दवंडी पिटायची?"

"मी रोज येऊन बघून जायचे," मुलगी म्हणाली. "नऊही दिवस."

मावशींनी पेन घेतलं आणि आपल्याच नऊ सह्यांवर एकेक करून काट मारली. इतक्या जोराने, की कागदाखाली माझ्यावर चरे उमटले. "उद्यापासून शाळा सुटली की ये. चार ते सात."

मित्रांनो, मी थकलोय. कडा फुगल्यात, केव्हा एकदा कपाटात पडतो असं झालंय, आणि इथे आणखी नऊ संध्याकाळी पुढ्यात वाढून ठेवल्यात. तरी एक सांगतो. माझ्यासारखा कुणी तुमच्या हाती आला, तर न घडलेला दिवस त्याच्यावर लादू नका. घडलेले दिवसच पुरेसे जड असतात.

काल त्यांतली पहिली संध्याकाळ झाली. पावणेसातला मुलीने दमून मला मावशींपुढे केलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"अजून पंधरा मिनिटं आहेत," त्या म्हणाल्या.

सात वाजले. मग त्यांनी हात पुसले आणि पेन मागितलं.