गार पडलेली रांग

दादा गेला तेव्हा मी रडले नाही. लोकांनी त्याचीही चर्चा केली. करू देत, त्यांना दुसरा उद्योग काय?

थोड्याच दिवसांत मी कामाच्या आवारात आले. शेण, लीद, वाळकं गवत, पालापाचोळा एकावर एक रचून आम्ही भावंडं लांबच लांब रांगा लावायचो. त्या आतून तापायच्या, कुजायच्या आणि त्यांचं खत व्हायचं. अधूनमधून उलथायच्या, एवढंच. दादा गेल्यापासून त्यांना कुणी फावडं लावलं नव्हतं.

वहिनी नाकाला रुमाल लावून आली. एरवी ती मला ताई म्हणते, चिडली की वन्सं.

"जागेला गिऱ्हाईक आलंय, ताई. रांगा जिवंत असतील तर त्याला नाही म्हणू, दोघी मिळून चालवू. मेल्या असतील तर देऊन टाकू. मला यातलं ओ की ठो कळत नाही, तूच सांग."

म्हणजे सगळं माझ्या गळ्यात. दादाचं अख्खं आयुष्य या वासात गेलं आणि निकाल मी द्यायचा. मला त्याचंही काही वाटलं नाही.

तपासायची रीत दादाचीच. थर्मामीटरला तो खेळणं म्हणायचा. बाही वर करून हात कोपरापर्यंत रांगेत खुपसायचा. टिकला नाही, तर रांग शिजतेय. हात आत ठेवून गप्पा मारता आल्या, तर ती संपली.

मी हात खुपसला. काहीच नाही. आणखी आत घातला. वहिनी त्या गिऱ्हाइकाच्या मिशीचं वर्णन करत होती, मी हूं हूं करत राहिले.

"गार आहे," मी म्हणाले. "देऊन टाक."

"एवढं मरमर मरून शेवटी गार?" जन्मात शेणाला बोट न लावलेल्या वहिनीने माझ्या शेजारी हात घातला आणि किंचाळत मागे उडी मारली.

"अगं, भाजतंय! वेड लागलंय का वन्सं? काढा तो हात!"

मी काढेना, तेव्हा तिनेच ओढला. कोपरापर्यंत लालबुंद झाला होता. तिने मला फरफटत नळाखाली नेलं.

"दुखतंय?"

"नाही."

"किती वेळ आत होता गं! तुला कळलंसुद्धा नाही?" ती रडायला लागली.

खरंच कळलं नव्हतं. हातावरून वाहणारं पाणी गार आहे की कोमट, तेही मला सांगता येईना. वहिनीने डोळे पुसले, गिऱ्हाइकाला फोन लावून नको म्हणून सांगितलं.

"उद्यापासून हात मी घालणार," ती म्हणाली. "कुठे घालायचा, तेवढं तू सांग."